स्पीकरची वायर, क्रॉसओव्हरची कॉइल आणि स्किन इफेक्ट : कुठे मोजायचा, कुठे सोडून द्यायचा

लातूर, नांदेड, परभणी, कुठल्याही बाजारात साउंडच्या दुकानावर उभे राहिलात की दोन सल्ले हमखास कानावर पडतात. पहिला, ‘जाड वायर घेऊ नका, स्किन इफेक्टने ट्रेबल मरतो.’ दुसरा, ‘चांदीचा मुलामा असलेली घ्या, वरच्या फ्रिक्वेन्सी वरूनच पळतात.’ नव्याने बॉक्स बांधायला किंवा सप्ताहाचा, लग्नाचा साउंड लावायला शिकणारा पोरगा हे ऐकतो आणि पैसे चुकीच्या जागी घालतो. स्किन इफेक्ट, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाढली की करंट तारेच्या बाहेरच्या थरात दाटणं, खरा आहे, पण तो किती हे कागदावर पाच मिनिटांत काढता येतं. तेच इथे क्रमाने सांगतो. एक साधा कॅल्क्युलेटर जवळ असू द्या, त्यावर वर्गमूळ निघालं म्हणजे झालं.

पायरी १ : तारेच्या आत काय घडतं

डीसी करंट तारेच्या सगळ्या जाडीतून सारखा वाहतो. करंट उलटसुलट होऊ लागला की त्याच्याभोवतीचं आणि तारेच्या आतलंही चुंबकीय क्षेत्र बदलू लागतं. बदलतं क्षेत्र तांब्यात भोवऱ्यासारखे छोटे करंट तयार करतं. हे भोवरे तारेच्या मध्यभागी मूळ करंटच्या विरुद्ध वाहतात आणि कडेला त्याच्याच दिशेने. म्हणून मध्यातला करंट घटतो, कडेचा वाढतो. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका करंट बाहेरच्या थरात दाटतो आणि तांब्याचा मधला भाग जवळजवळ रिकामा राहतो. वापरात येणारं तांबं कमी झालं की रेझिस्टन्स वाढला.

आपल्या काळ्या रानात हेच उष्णतेच्या बाबतीत दिसतं. भर उन्हाळ्यात वरची माती दुपारी पोळते आणि पहाटे निवते, पण दोन वीत खाली दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ कळत नाही. उन्हाळा-हिवाळ्याची अदलाबदल मात्र सावकाश, वर्षभराची, म्हणून ती कितीतरी खोल जाते. दोन्हीकडचं गणित एकाच साच्याचं आहे : बदल जितका झपाट्याचा, तितकी त्याची पोच उथळ, आणि ही पोच वर्गमुळाच्या प्रमाणात घटते.

हा परिणाम १८८३ मध्ये होरेस लॅम्ब यांनी चेंडूसारख्या गोलाकार वाहकासाठी मांडला आणि १८८५ मध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी तो कुठल्याही आकाराच्या वाहकाला लागू केला. तेव्हापासून सूत्र बदललेलं नाही, त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर विसंबायची गरजच नाही.

पायरी २ : खोली काढा

करंटची घनता पृष्ठभागावरच्या ३७ टक्क्यांवर येते त्या खोलीला स्किन डेप्थ म्हणतात. तांब्यासाठी ती काढायचं सोपं सूत्र पाठच करून टाका :

खोली (मिमी) = ६६ ÷ √फ्रिक्वेन्सी (हर्ट्झ)

यातून निघणारे आकडे असे :

५० हर्ट्झ : ९.३ मिमी
१ किलोहर्ट्झ : २.१ मिमी
१० किलोहर्ट्झ : ०.६६ मिमी
२० किलोहर्ट्झ : ०.४७ मिमी
१०० किलोहर्ट्झ : ०.२१ मिमी
१ मेगाहर्ट्झ : ०.०६६ मिमी

माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि चाळिशीनंतर तेवढंही नाही. म्हणजे ऑडिओच्या अगदी वरच्या टोकालाही करंट जवळपास अर्धा मिलिमीटर आत जातोच. चांदीच्या मुलाम्याचा प्रश्न इथेच मिटतो. मुलामा काही मायक्रॉनचा, करंट पसरलेला ४७० मायक्रॉनपर्यंत. त्यात चांदीचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा जेमतेम सहा-सात टक्क्यांनी कमी. ऑडिओच्या वायरला या मुलाम्याने काहीही मिळत नाही.

तारेची त्रिज्या या खोलीइतकी असेल, तर रेझिस्टन्स फक्त २ टक्क्यांच्या आसपास वाढतो. म्हणजे ०.९ मिमी व्यासाची, २० गेजची सिंगल तार २० किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त वापरा.

पायरी ३ : आपल्या वायरला लावून बघा

आता नेहमीची मापं घेऊ. एक मीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मिलिओहममध्ये, आधी डीसीला आणि मग २० किलोहर्ट्झला :

१ चौ.मिमी : १७.२ चे १८.०
२.५ चौ.मिमी : ६.९ चे ८.५
४ चौ.मिमी : ४.३ चे ६.३

टक्क्यांत पाहिलं तर जाड वायरचं नुकसान मोठं दिसतं : १ चौ.मिमीला ४ टक्के, ४ चौ.मिमीला ४५ टक्के. ‘जाड वायरने ट्रेबल जातो’ ही समजूत याच टक्केवारीतून आली असावी. पण शेवटचा आकडा वाचा. २० किलोहर्ट्झलाही ४ चौ.मिमीची वायर १ चौ.मिमीच्या एकतृतीयांश रेझिस्टन्सवर आहे. जाड वायरला वाढलेल्या तांब्याचा पूर्ण मोबदला मिळत नाही एवढंच. ती बारीक वायरपेक्षा वाईट कधीच होत नाही.

आता घरातला हिशोब. अँप्लिफायरपासून बॉक्स १० मीटरवर, वायर २.५ चौ.मिमी. जाऊन-येऊन २० मीटर तांबं, रेझिस्टन्स ०.१४ ओहम. २० किलोहर्ट्झला स्किन इफेक्टने त्यात ०.०३ ओहमची भर पडते. ८ ओहमच्या स्पीकरसमोर ही भर म्हणजे ०.०३ डेसिबल. एवढा फरक कुणाच्याही कानाला कळत नाही. ज्याला कळतो असं वाटतं, त्याला वायर न दाखवता ऐकवून बघा.

त्याच वायरचा इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला अडवण्याचा गुण, मात्र कुणी मोजत नाही. साध्या दोन कोअरच्या वायरला मीटरमागे साधारण ०.६ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. १० मीटरला ६ मायक्रोहेन्री, आणि २० किलोहर्ट्झला त्याचा विरोध ०.७५ ओहम. स्किन इफेक्टच्या पंचवीसपट! लांब वायरीवर ट्रेबल खरंच दबलेला वाटला, तर आधी इंडक्टन्सकडे बोट करा.

माइकच्या आणि मिक्सरच्या सिग्नल वायरींना हे काहीच लागू नाही. पुढच्या यंत्राचा इनपुट हजारो ओहमचा असताना वायरीतल्या ओहमच्या शतांश भागाने काय होणार? तिथे शिल्ड आणि जोडणी नीट बघा.

पायरी ४ : मैदानावरची वायर निवडा

खरा पैसा इथे वाचतो आणि इथेच बुडतो. हरिनाम सप्ताहाचा मंडप घ्या. कीर्तनकारांजवळ अँप्लिफायर, शेवटचा बॉक्स ५० मीटरवर. मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या जुडीच्या) वायरच्या मानकाप्रमाणे १ चौ.मिमीचा रेझिस्टन्स किलोमीटरला १९.५ ओहमपर्यंत असतो. जाऊन-येऊन १०० मीटरला तो १.९५ ओहम झाला. दोन बॉक्स समांतर जोडून ४ ओहमचा लोड असेल, तर अँप्लिफायरच्या पॉवरचा एकतृतीयांश भाग वायर तापवण्यात जातो. २.५ चौ.मिमी घेतली की रेझिस्टन्स ०.८ ओहमवर येतो आणि नुकसान एकषष्ठांशावर. यात स्किन इफेक्टचा संबंध नाही, हा सरळ डीसीचा हिशोब आहे आणि तो सगळ्यात मोठा आहे. म्हणून क्रम असा ठेवा : आधी अंतर कमी करा, म्हणजे अँप्लिफायर बॉक्सजवळ न्या. मग जाडी वाढवा. मग दोन्ही तारा एकमेकींना चिकटून आहेत का ते बघा.

हा तिसरा मुद्दा मांडववाले फार विसरतात. प्लस आणि मायनसच्या सुट्या तारा वीतभर अंतराने दोन खांबांवरून नेल्या तर इंडक्टन्स तिप्पट-चौपट होतो. चिकटलेल्या तारांनाही ५० मीटरला ३० मायक्रोहेन्री येतो, म्हणजे २० किलोहर्ट्झला ३.८ ओहम. ४ ओहमच्या लोडवर तेवढ्यानेच वरच्या टोकाला २ डेसिबल जातात. तारा सुट्याच असतील तर एकमेकींभोवती पीळ देऊन घ्या. त्याला पैसा लागत नाही.

भोंगे लावायचे असतील आणि अंतर शेकड्यात असेल, तर १०० व्होल्ट लाइन वापरा. अहुजासारख्या पीए अँप्लिफायरवर हे टर्मिनल असतं आणि भोंग्याच्या युनिटला लाइन ट्रान्सफॉर्मर जोडतात. १०० वॅटचा लोड १०० व्होल्टला फक्त १ अँपिअर घेतो, म्हणजे लाइनला तो १०० ओहमचा दिसतो. वरच्याच १.९५ ओहमच्या वायरीत आता नुकसान २ टक्के. मात्र १०० व्होल्ट झटका देतो. जोड उघडे ठेवू नका, पावसाळ्यात तर अजिबात नाही.

आता तांब्याची पारख. बाजारात तांब्याच्या रंगाची पण आतून अॅल्युमिनिअमची वायर सर्रास मिळते. अॅल्युमिनिअमची वाहकता तांब्याच्या ६१ टक्के. त्यावर तांब्याचा पातळ थर असला तरी २.५ चौ.मिमीची अशी वायर खऱ्या तांब्याच्या दीड-पावणेदोन चौ.मिमीएवढंच काम करते. ‘वरच्या फ्रिक्वेन्सी तांब्याच्या थरातूनच जातात’ असं सांगून ती खपवतात. रेडिओ फ्रिक्वेन्सीला हे खरं आहे, ऑडिओला नाही, कारण अर्धा मिलिमीटर खोल जाणारा करंट त्या थरात मावत नाही. पारख सोपी आहे. एक स्ट्रँड ब्लेडने खरवडा. आत पांढरा दिसला तर अॅल्युमिनिअम. बाहेर पांढरा आणि आत लाल असेल तर कथिल चढवलेलं तांबं, ते उत्तम. वजनही हातात कळतं, तांबं अॅल्युमिनिअमच्या तिपटीहून जड. शेवटी लोहचुंबक लावून बघा. स्ट्रँड चिकटला तर आत लोखंड आहे, ती वायर तिथेच ठेवा. लोखंडात चुंबकीय गुणामुळे स्किन डेप्थ तांब्यापेक्षा कितीतरी उथळ होते, आणि मुळात त्याचा रेझिस्टन्सही जास्त.

मल्टिस्ट्रँडबद्दल एक गैरसमज खोल रुजलेला आहे. ‘बारीक बारीक स्ट्रँड, म्हणून पृष्ठभाग जास्त, म्हणून स्किन इफेक्ट नाही’ असं चांगले अनुभवी लोकही सांगतात. स्ट्रँड उघडे आणि एकमेकांना टेकलेले असतात, त्यामुळे करंटच्या दृष्टीने अख्खी जुडी एकच जाड तार असते आणि करंट जुडीच्याच कडेला जातो. मल्टिस्ट्रँड घ्यायची ती वळते, गुंडाळता येते, तुटत नाही म्हणून. स्किन इफेक्ट कमी करणारी वायर वेगळी, लिट्झ. तिच्यात प्रत्येक स्ट्रँडवर स्वतंत्र इनॅमल, म्हणजे करंट अडवणारा लेप, असतं आणि विणकाम असं की प्रत्येक स्ट्रँड लांबीत कधी कडेला येतो, कधी मध्यात.

पायरी ५ : क्रॉसओव्हरची कॉइल गुंडाळा

क्रॉसओव्हर म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सी वूफरला (मोठ्या स्पीकरला) आणि वरच्या ट्वीटरला (छोट्या स्पीकरला) वाटून देणारं सर्किट. त्याच्या कॉइलमध्ये आणखी एक गोष्ट घडते. सरळ तारेत करंट फक्त स्वतःच्या क्षेत्राने ढकलला जातो. कॉइलमध्ये शेजारच्या प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र त्यात भर घालतं. याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात आणि अनेक थरांच्या कॉइलमध्ये तो स्किन इफेक्टपेक्षा पुष्कळ मोठा असतो. २० किलोहर्ट्झला कॉइलचा रेझिस्टन्स डीसीच्या कित्येक पट होऊ शकतो. हे वाचून घाबरायच्या आधी एक हिशोब करा.

वूफरची १ मिलिहेन्रीची कॉइल, डीसी रेझिस्टन्स ०.३५ ओहम. तो २० किलोहर्ट्झला वीसपट, म्हणजे ७ ओहम झाला असं धरू. त्याच फ्रिक्वेन्सीला कॉइलचा इंडक्टिव्ह विरोध १२६ ओहम आहे. दोन्ही काटकोनात मिळतात, म्हणून एकूण १२६.२. फरक नगण्य! ही कॉइल वरच्या फ्रिक्वेन्सी अडवायलाच बसवलेली आहे. तिथे तिचा रेझिस्टन्स वाढला तरी जिथे करंटच वाहत नाही तिथे बिघडणार काय? खालच्या फ्रिक्वेन्सीला, जिथे वूफरचा सगळा करंट कॉइलमधून जातो, तिथे डीसी रेझिस्टन्स तेवढा महत्त्वाचा. म्हणून क्रॉसओव्हरच्या कॉइलला जाड तार, आणि लिट्झवर एक रुपयाही खर्च करू नका.

मराठवाड्यात कॉइल गुंडाळायला फार भटकावं लागत नाही. विहीर-बोअरच्या मोटारींमुळे तालुक्याच्या प्रत्येक गावी मोटार वाइंडिंगचं दुकान आहे आणि तिथे इनॅमल तांब्याची तार गेजवर, किलोने मिळते. तार तपासलेली, तांबं खरं. हा आपल्या भागाचा मोठा फायदा आहे, तो घ्या.

१ मिलिहेन्रीसाठी १८ गेजची (१.२२ मिमी) तार पाव किलोच्या थोडी वर घ्या. बॉबिनला ३२ मिमी बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा चालतो. दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या चकत्या, मधलं अंतर १७ मिमी. एका थरात १३ वेढे बसतात, साधारण साडेबारा थर होतात, एकूण सुमारे १६० वेढे. हाताने गुंडाळताना थर थोडे सैल पडतात, म्हणून १६५ गुंडाळा आणि एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारा मीटर) लावून एकेक वेढा सोडत १ मिलिहेन्रीवर या. सुमारे २४ मीटर तार जाते. ८ ओहमच्या वूफरसोबत ही एकटी कॉइल १२७० हर्ट्झच्या आसपास क्रॉसओव्हर देते.

गुंडाळताना तार ताणून धरा, एकेक थर भरला की कापडी टेप लावा. शेवटी नायलॉनच्या पट्ट्या आवळा आणि वाइंडिंगचं व्हार्निश पाजा, नाहीतर मोठ्या आवाजाला वेढे कंप पावतात. टोकांवरचं इनॅमल पूर्ण खरवडल्याशिवाय सोल्डर करू नका.

रेझिस्टन्स तपासायला साधा मल्टिमीटर पुरत नाही, त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या घरात जातो. पॉवर सप्लायमधून १ अँपिअर डीसी सोडा आणि कॉइलच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. ३५० मिलिव्होल्ट आले म्हणजे ०.३५ ओहम. हीच कॉइल पैसे वाचवायला २२ गेजने गुंडाळली असती तर रेझिस्टन्स ०.९ ओहमच्या आसपास गेला असता आणि वूफरची जवळजवळ १ डेसिबल पातळी नुसती कॉइल गरम करण्यात गेली असती.

एलसीआर मीटरवर १०० हर्ट्झ, १, १० आणि १०० किलोहर्ट्झ अशा फ्रिक्वेन्सी असतील तर त्याच कॉइलचा सिरीज रेझिस्टन्स चारही ठिकाणी वाचून वहीत लिहा. तो चढत जाताना दिसतो. स्किन आणि प्रॉक्सिमिटी इफेक्ट डोळ्यांनी बघायची याहून चांगली जागा नाही, शिकणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करावंच.

बॉक्समध्ये बसवताना दोन कॉइल एकाच दिशेला, शेजारी शेजारी ठेवू नका. एक आडवी, एक उभी, मध्ये अंतर. नाहीतर वूफरचा सिग्नल ट्वीटरच्या कॉइलमध्ये उतरतो. लोखंडी बोल्ट कॉइलच्या पोटातून घालू नका, इंडक्टन्स बदलतो. पितळी स्क्रू किंवा नायलॉनची पट्टी वापरा. स्पीकरच्या मॅग्नेटपासूनही दूर ठेवा. या तीन गोष्टींनी आवाजात जितका फरक पडतो तितका स्किन इफेक्टने पडत नाही.

पायरी ६ : जिथे तो खरंच लागतो

फ्रिक्वेन्सी ऑडिओच्या पलीकडे गेली की चित्र पालटतं. आकाशवाणीचं परभणी केंद्र मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झवर. वरच्या सूत्रात घाला : खोली ०.०५८ मिमी. म्हणून जुन्या रेडिओतल्या फेराइट रॉडची कॉइल अनेकदा केसासारख्या इनॅमल धाग्यांच्या लिट्झने गुंडाळलेली असते. ती तुटली आणि तिथे साधी सिंगल तार घातली की रेडिओ बोलतो, पण स्टेशन बोथट होतं आणि लांबचं केंद्र हरवतं. लिट्झ सोल्डर करताना प्रत्येक धाग्याचं इनॅमल निघालं पाहिजे. दोन-चार धागे सुटले तरी तेवढं तांबं वाया.

आजच्या कामात हा प्रश्न क्लास डी, म्हणजे आउटपुट झपाट्याने चालू-बंद (स्विच) करून चालणाऱ्या, अँप्लिफायरमध्ये येतो. आता हलक्या वजनाचे पॉवर अँप्लिफायर बहुतेक याच जातीचे. त्यांचं स्विचिंग काहीशे किलोहर्ट्झला चालतं. ४०० किलोहर्ट्झला खोली ०.१ मिमी. आउटपुटच्या छोट्या कॉइलमधून ऑडिओचा मोठा करंट आणि त्यावर स्विचिंगचा तरंग, दोन्ही जातात. तो तरंग थांबत नाही, गाणं बंद असलं तरी चालू. ही कॉइल जळाली म्हणून हाताशी असलेल्या कोअरवर (कॉइलच्या आतल्या चुंबकीय गाभ्यावर) जाड सिंगल तार गुंडाळून दिली, तर अँप्लिफायर चालू होतो, पण कॉइल नुसती उभ्या उभ्या तापते. कोअर त्याच जातीचा, इंडक्टन्स तोच आणि तार मूळ होती तशीच घ्या. दुरुस्तीनंतर इनपुट न देता अर्धा तास चालू ठेवा, मग बंद करून, कपॅसिटर रिकामे झाल्यावर कॉइलला बोट लावा. शेजारच्या चांगल्या चॅनेलच्या कॉइलइतकीच ती गरम असली तर झाकण बसवा.